दुसरं उष्टावण

आजारी माणसाला काय द्यायचं, हे मराठी घराला पाठ असतं. तापातून उठलेल्याला तांदळाची पेज, तोंडाला चव यावी म्हणून जोडीला लिंबाचं जुनं लोणचं. मग मऊ भात, वर तूप आणि मेतकूट. पोट बिघडलं असेल तर साबुदाण्याची कांजी, थकवा असेल तर शहाळं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, तरी चुकत नाही. पण वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घरी आलेल्या माणसापुढे हीच वाटी आली, तर ती त्याचं पोट भरते आणि त्याला उपाशी ठेवते. पेजेत पिष्ट आणि पाणी, साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट, शहाळ्यात पाणी, क्षार आणि थोडी साखर. जखम भरून यायला आणि स्नायू टिकायला लागणारी प्रथिनं यांत नावालाच असतात. एरवी त्याने काही बिघडत नाही, कारण दोन दिवस पेज प्यायलेला माणूस तिसऱ्या दिवशी पाटावर बसून जेवतो. या माणसाला मात्र तसं जेवण पुढे कित्येक महिने जमणार नसतं. त्याच्या पोटात जागा चार-सहा घासांची, आणि त्या घासांत काय जातं यावरच पुढचं सगळं ठरतं.

आधी पोटात काय घडलेलं असतं ते पाहू. आपल्याकडे सर्वाधिक होते ती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून, स्टेपलरच्या मदतीने, जठराचा बाहेरच्या वळणाकडचा तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात साधारण शंभर मिलिलिटर मावतं, म्हणजे वाशी स्टेशनबाहेरच्या टपरीवरचा एक कटिंग. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची, दोन मोठ्या चमच्यांएवढी पिशवी ठेवून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न उरलेलं जठर आणि आतड्याची सुरुवात टाळून खाली उतरतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये पहिली गॅस्ट्रिक बायपास केली, तेव्हापासूनची ही वाट आहे.

जठराचा जो भाग स्लीव्हमध्ये निघून जातो, त्याच भागात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक बहुतांशी तयार होतं. जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी ते १९९९ मध्ये शोधलं. ऑपरेशननंतरचे कित्येक महिने भूकच लागत नाही, याचं एक मोठं कारण हे. आयुष्यभर भुकेशी झगडलेल्या माणसाला हे वरदान वाटतं, आणि पहिली गफलत इथेच होते. भूक नाही म्हणून तो खात नाही, काटा झरझर खाली येतो, घरचे खूश होतात. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे साधा काटा सांगत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या माणसाचा का आहे, त्याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं शेजारी-शेजारी उभं राहिलेलं छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, असा हा आपला देह. म्हणूनच गोऱ्या लोकांसाठी ठरवलेल्या बीएमआयच्या रेषा आपल्याला उशिराच्या ठरतात. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेच्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी २०२२ मध्ये नव्या सूचना काढल्या. त्यानुसार बीएमआय ३५ असेल तर इतर आजार नसतानाही शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा, मधुमेहासारखा आजार असेल तर ३० पासून विचार करावा, आणि आशियाई लोकांना २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा. आपल्या विमा नियामकाने, आयआरडीएआयने, विमा मिळण्यासाठी ठेवलेली अट मात्र ४० ची आहे, किंवा गंभीर स्लीप ॲप्निया, हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह असं काही सोबत असेल तर ३५ ची. हे आकडे १९९१ च्या अमेरिकी सहमतीपत्रातलेच. पुण्यात सिद्ध झालेलं सत्य विम्याच्या अर्जापर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागणार, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. कारण ज्यांना लवकर गरज आहे त्यांनी आणखी लठ्ठ, आणखी आजारी होईपर्यंत थांबावं, असाच त्या अटीचा अर्थ होतो. आणि विमा मिळाला तरी तो ऑपरेशनपुरता. पुढे वर्षानुवर्षं लागणाऱ्या गोळ्या, रक्ततपासण्या, प्रोटीन पावडर यांचा खर्च बहुतेकांना खिशातूनच करावा लागतो.

मुंबईने या शस्त्रक्रियेचं सर्वांत मोठं दृश्य २०१७ मध्ये पाहिलं. ५०० किलोच्या आसपास वजन सांगितलं गेलेली इजिप्तची इमान अहमद फेब्रुवारीत मालवाहू विमानाने आली, क्रेनने उचलून तिला चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात नेलं, मार्चमध्ये डॉ. मुफझल लकडावाला यांनी तिची स्लीव्ह केली. मे महिन्यात ती अबुधाबीला गेली आणि सप्टेंबरात तिथेच वारली. त्या महिन्यांतल्या बातम्या मला आठवतात. रोज किलोंचा आकडा होता. ती काय खाते, किती गिळू शकते, कोण भरवतं, हे क्वचितच. आजही या शस्त्रक्रियेच्या जाहिरातींत 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रं असतात, आणि त्या दोहोंमधली दीड-दोन वर्षांची ताटं कुणी दाखवत नाही.

नवी मुंबईत आता या शस्त्रक्रियेसाठी खाडीपूल ओलांडावा लागत नाही. बेलापूरचं अपोलो, नेरुळचं डी. वाय. पाटील अशी मोठी रुग्णालयं इथेच आहेत. पण सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या या शहरात दोन प्रकारची स्वयंपाकघरं शेजारी-शेजारी नांदतात. एक, सेक्टरमधल्या इमारतीतलं. नवरा-बायको दोघंही नोकरीला, एक ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळीला, पोळीभाजी डब्याच्या बाईंकडून, उरलेलं मोबाईलवरून मागवलेलं. दुसरं, त्याच इमारतींच्या आड असलेल्या दिवाळे, सारसोळे, करावे अशा आगरी-कोळी गावांतलं. तिथे तांदळाची भाकरी आणि म्हावरं रोजचं. शस्त्रक्रियेनंतरच्या खाण्याचा विचार केला, तर माझ्या मते दुसऱ्या घरची मंडळी काही बाबतींत नशीबवान आहेत. त्याकडे येतोच.

घरी आल्यावर खाणं पायरीपायरीने वाढवतात. रुग्णालयागणिक दिवस थोडे इकडे-तिकडे होतात, क्रम तोच. पहिले एक-दोन दिवस फक्त आरपार दिसेल असं पातळ, तेही घोटघोट. मग दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत सर्व प्रकारचं पातळ, तिसऱ्या-चौथ्यात मिक्सरमधून काढलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ आणि कुस्करलेलं, आणि साधारण दोन महिन्यांनी रोजचं अन्न. थोडक्यात, जठराचं पुन्हा उष्टावण करायचं. बाळाच्या उष्टावणात आपण घाई करत नाही, पहिल्याच दिवशी त्याला चपाती देत नाही. स्टेपलची ओळ भरून येईपर्यंत या नव्या पोटालाही तोच धीर हवा. ज्यांना दहाव्या दिवशी बरं वाटू लागतं आणि गुपचूप अर्धा वडापाव खावासा वाटतो, त्यांच्यासाठी हे ठळकपणे सांगायला हवं.

छापील आहारपत्रकावर बहुधा ब्रोकोली सूप, ग्रीक योगर्ट, मॅश्ड पोटॅटो असतं. घरात ते वाचलं जातं, कुणाला झेपत नाही, आणि पुन्हा पेजच शिजते. खरं तर मराठी स्वयंपाकात पायरीपायरीला बसेल असं सगळं आहे, फक्त आजारपणाच्या यादीत ते नाही. पहिल्या पायरीला मुगाचं कढण पातळ करून, फडक्यातून गाळून. सामिष घरात कोंबडीचा अळणी रस्सा, वरचा तवंग काढून गाळलेला. दुसऱ्या पायरीला साय काढलेलं दूध, ताक, गाळलेलं वरण. इथे एक साधी युक्ती आहे. स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या भुकटीत शंभर ग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम प्रथिनं असतात. दीडशे मिलिलिटर दुधात पाच ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. त्यात दोन मोठे चमचे भुकटी मिसळली की तेवढ्याच कपात ती जवळजवळ दुप्पट होतात. नाचणीचं सत्त्व चालेल, पण दुधात शिजवलेलं आणि साखर न घातलेलं. तिसऱ्या पायरीला घट्ट वरण मिक्सरमधून, कुळथाचं पातळ पिठलं, फेटलेलं दही, आणि चक्का. श्रीखंडाचा चक्का, त्यात साखर पडायच्या आधीचा. पाणी निथळून गेल्यामुळे त्यात दह्याच्या दुप्पट तरी प्रथिनं असतात, आणि तो चावावा लागत नाही.

आणि मासे. मऊ अन्नाच्या पायरीला माशासारखं दुसरं काही नाही. कोंबडीच्या तंतूंपेक्षा तो सहज सुटतो, पटकन शिजतो आणि शंभर ग्रॅममागे अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं देतो. रावस, सुरमई, पापलेट यांचा काटा काढलेला, हळद-मिठात वाफवलेला तुकडा बोटांनी कुस्करून द्यावा. ओला बोंबील तर जिभेवरच विरतो. त्यात पाणी फार असल्यामुळे प्रथिनं इतर माशांच्या निम्मीच मिळतात, तरी सुरुवातीला तो सोसतो. मात्र रव्यात घोळून तळलेला नव्हे. मांदेलीचे बारीक काटे नकोत. कोळंबी रबरासारखी चिवट होते, तिला दोन-तीन महिने थांबू द्यावं. सुका जवळा, सुके बोंबील यांत प्रथिनं भरपूर, पण मीठही तितकंच. ज्याचा रक्तदाब चढता आहे त्याने ते धुऊन, भिजवून, बेताने. दिवाळ्याच्या कोळणीच्या टोपलीत जे सहज मिळतं, त्यासाठी सेक्टरातला शाकाहारी माणूस महागडा डबा विकत घेतो, म्हणून मी मघाशी नशिबाचं बोललो.

शाकाहाऱ्यांचं गणित खरंच अवघड आहे, ते गोड शब्दांत झाकू नये. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि आदर्श वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅमपर्यंत ती जाऊ शकतात. अंड्यात सहा ग्रॅम. तीस ग्रॅम कोरडी मूगडाळ शिजवली तर सात, पण तिचं होतं वाटीभर वरण, आणि ती वाटी संपवायला पहिल्या महिन्यात अर्धा तास लागतो. पनीर शंभर ग्रॅमला अठरा. सोयाबीनच्या वड्या कोरड्या मापात शंभराला पन्नासच्या वर, पण भिजून फुगतात. त्यामुळे पहिले काही महिने प्रोटीन पावडरला पर्याय नसतो, आणि त्यात कमीपणा वाटून घेऊ नये. नंतर मुगाचं धिरडं, पनीरची भुर्जी, डाळ-पालक, मटकीची मऊ उसळ, थोडं सोयाबीनचं पीठ घातलेली भाकरी असं करत पावडर कमी करता येते. तुर्भ्याच्या एपीएमसी बाजाराच्या कुशीत राहणाऱ्यांना डाळी-कडधान्यांची वाण नाही.

ताटातला क्रम मात्र उलटा करावा लागतो. आपण भात कालवतो, पोळीचा तुकडा मोडतो आणि भाजी-वरण त्याला लावायला घेतो. इथे आधी अंडं, मासा, पनीर, घट्ट वरण यांचे घास. मग भाजी. भात-पोळी शेवटी, जागा उरली तर. पाव आणि ताजी मऊ पोळी यांचा पोटात लगदा होतो आणि तो छातीशी अडकल्यासारखा वाटतो. वरणात कुस्करलेली भाकरी त्यापेक्षा बरी. घास अंगठ्याच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावलेला, आणि जेवणाला वीस मिनिटं ते अर्धा तास. पोट भरल्याची खूणही बदलते. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहतं, कुणाला छातीत दाब जाणवतो. तो घास शेवटचा समजायचा. त्यापुढचा एक घास उलटीत जातो.

ताटाशेजारचा तांब्याही उचलावा लागतो. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. एवढ्याशा जागेत पाणी आणि अन्न दोन्ही मावत नाही, शिवाय पाण्याबरोबर अन्न लवकर खाली सरकलं की पुन्हा खावंसं वाटतं. तरीही दिवसभरात दीड लिटर तरी पोटात जायला हवं, आणि गटागटा पिणं शक्य नाही. म्हणजे दिवसभर बाटली हातात आणि दर काही मिनिटांनी घोट. नवी मुंबईच्या दमट हवेत, नेरुळहून सीएसएमटीला तासभर उभ्याने जाणाऱ्या बाईला हे किती जड जातं, ते स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांची अवस्था ठाऊक असलेल्या कुणालाही कळेल. वाटेत अडचण नको म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत ही सवय थेट रुग्णालयात परत नेते. रजा ठरवताना टाके भरण्याचे दिवस मोजतात, तसे हे प्रवासाचे दिवसही मोजावेत.

गोडाचं वेगळं. बायपास झालेल्याने जिलेबी, बासुंदी, उसाचा रस घेतला तर साखरेचा लोंढा थेट आतड्यात पोचतो. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, मुरडा, जुलाब सुरू होतात. याला डम्पिंग म्हणतात. दुसरा प्रकार फसवा आहे. एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि माणूस ती भूक समजून पुन्हा गोड खातो. स्लीव्हमध्ये हे कमी दिसतं, पण दिसत नाही असं नाही. गणपतीत एक मोदक खायचाच असेल तर तो पहिल्या वर्षी नको. नंतर अर्धा, जेवणात, आधी काहीतरी प्रथिनांचं खाऊन.

उलटीबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण घरात ती 'होतंच असं' म्हणून सोडून दिली जाते. घाईत खाल्लं म्हणून एखादी उलटी होणं वेगळं. दिवसेंदिवस काहीच ठरत नसेल तर शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१ चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. मग नजर दुहेरी होते, चाल अडखळते, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. मेंदूची ही इजा कायमची राहू शकते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात नेऊन नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावणं घातक ठरतं, थायमिन आधी द्यावं लागतं. म्हणून घरच्यांनी डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं ते ऑपरेशनबद्दल. तसंच पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटाचं किंवा खांद्याचं वाढतं दुखणं, धाप, नाडी सतत १२० च्या वर, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नये. स्टेपलची ओळ पाझरणं क्वचित घडतं, पण घडलं तर तासांना किंमत असते. एकूण धोका फार नाही. अमेरिकेतल्या ४,७७६ रुग्णांच्या २००९ च्या अभ्यासात तीस दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं.

गोळ्यांचा विषय कंटाळवाणा वाटतो, पण तोच सर्वांत जास्त टाळला जातो. आपण मुळात कमतरतेतूनच सुरुवात करतो. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी निघाल्या. अशा शरीरावर जठर लहान करणारी शस्त्रक्रिया झाली की बी-१२ शोषायला लागणारं आम्ल आणि प्रथिन दोन्ही घटतात. बायपासमध्ये तर लोह आणि कॅल्शियम शोषणारा आतड्याचा भागच वगळला जातो. म्हणून रोजची मल्टिव्हिटामिन, बी-१२ ची गोळी किंवा महिन्याचं इंजेक्शन, ड जीवनसत्त्व, पाळी येणाऱ्या बायकांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह, आणि दिवसाला १,२०० ते १,५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. तेही सायट्रेट, कारण कार्बोनेटला पचायला आम्ल लागतं. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नये, दोन तासांचं अंतर हवं. आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. बी-१२ कमी पडल्याचं पायांच्या मुंग्यांतून कळेपर्यंत वर्षं गेलेली असतात. हे सगळं एक-दोन वर्षांसाठी नाही, कायमचं आहे, ही गोष्ट ऑपरेशनच्या आधीच मान्य असायला हवी.

मधुमेह्यांचं उलट असतं, औषधं घटवावी लागतात. काही दिवसांतच साखर उतरू लागते, आणि जुन्याच मात्रेत इन्सुलिन चालू ठेवलं तर ती धोकादायक पातळीला जाते. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. हे डॉक्टरांना विचारून, पहिल्या आठवड्यापासून. अंगदुखीवर मनाने घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या बायपासनंतर जोडाच्या जागी जखम करतात, त्या बंद.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीने गळतात आणि बायका घाबरतात. झपाट्याने वजन उतरताना केसांची मुळं विश्रांतीला जातात. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर बहुतेकांचे केस परत येतात. त्याहून महत्त्वाची, कमी बोलली जाणारी बाब म्हणजे वजन उतरताच पाळी नियमित होते, आणि वर्षानुवर्षं मूल न झालेल्या बाईला अचानक दिवस जाऊ शकतात. बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, कारण आईच्याच अंगात काही उरलेलं नसतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईलच असं नाही, तेव्हा दुसरं साधन विचारून घ्यावं.

उपवासांचा प्रश्न आपल्याकडचा, परदेशी पुस्तकांत त्याचं उत्तर नाही. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. साबुदाण्याची खिचडी या पोटाला दोन्ही बाजूंनी वाईट, एकतर चिकट, आणि प्रथिनं नाहीतच. पहिलं वर्ष कडक उपवास धरू नये असं मी स्पष्टच म्हणेन. ज्यांना व्रत मोडवत नाही त्यांच्यासाठी दूध, दही, चक्का, पनीर, दुधात शिजवलेला राजगिरा, शेंगदाण्याची पातळ आमटी हे सगळं उपवासाचंच आहे. गोळ्यांनी उपवास मोडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटलं तर सुनेला ते सोपं जातं.

वडीलधाऱ्यांचा विषय निघालाच आहे. "अगं, एवढंसंच? चिमणीचा घास घेतलास!" हा आग्रह प्रेमाचा असतो आणि तो परतवणं जड जातं. पुष्कळ बायका सासरी शस्त्रक्रिया लपवतात. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगतात. मला त्यांचा राग येत नाही. जाडेपणा म्हणजे आळस आणि शस्त्रक्रिया म्हणजे पळवाट, असं बोलणारे भोवती असतात. २०१७ मध्ये एका लेखिकेने मध्य प्रदेशच्या लठ्ठ पोलिस निरीक्षकाचं छायाचित्र ट्विटरवर टाकून खिल्ली उडवली, तेव्हा मुंबईत येऊन त्याने ही शस्त्रक्रिया करून घेतली. टोमण्यांची धार किती खोल जाते, हे त्यावरून दिसतं. पण लपवण्याची किंमत रोज तीन वेळा मोजावी लागते. ज्या घरात माहीत नाही, तिथे वेगळं वरण काढून ठेवलं जात नाही, पंगतीत पान वाढलं जातं, आणि उलटी झाली की कुणाला कारण कळत नाही. नितीन गडकरींनी २०११ मध्ये, पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते जगजाहीर झालं. खाण्यावर प्रेम करणाऱ्या नागपूरकराने ते उघड होऊ दिलं, याचं मला मोल वाटतं.

पुरुषांच्या बाबतीत हळदीची रात्र, ऑफिसची पार्टी. या पोटातून दारू फार लवकर रक्तात उतरते. पूर्वीच्या दोन पेगची झिंग आता अर्ध्यात येते. अमेरिकेतल्या २०१२ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी ७.६ टक्के लोकांत दारूचा विकार होता, दुसऱ्या वर्षी तो ९.६ टक्के झाला. खाण्यातून मिळणारा आधार गेला की मन दुसरा आधार शोधतं. ताट हेच ज्यांचं सुख होतं त्यांना काही महिने रितं वाटतं, उदास वाटतं. त्याबद्दल समुपदेशकाशी बोलणं हाही उपचाराचा भाग आहे.

मग वजन परत येतं का? थोडं येतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. तरीही त्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांत १०१ मृत्यू, न झालेल्या २,०३७ जणांत १२९. म्हणजे थोडं परत येणं हे अपयश नव्हे. बेताबाहेर परत येतं ते बहुधा मोठ्या जेवणामुळे नाही, कारण ते जातच नाही. ते येतं खारी, टोस्ट, चिवडा, बिस्किटं, फरसाण यांच्या चिमटीचिमटीने. चहात बुडवलेली खारी विरघळून सरकते, पोट भरतच नाही, आणि दिवसभर हात डब्यात राहतो. दिवाळीचा फराळ महिनाभर पुरतो तेव्हा हे सर्वाधिक घडतं. वजनी व्यायाम महिना-दीड महिन्यानंतर, डॉक्टरांना विचारून. चालणं मात्र पहिल्याच संध्याकाळपासून, आधी वॉर्डात, मग नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती किंवा वाशीच्या मिनी सीशोअरवर.

२०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली आणि अनेकांना शस्त्रक्रियेची गरजच संपली असं वाटू लागलं. तसं नाही. पण भूक मारणारं इंजेक्शन असो की लहान केलेलं जठर, थोडक्या घासांत प्रथिनं कशी बसवायची हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे, आणि इंजेक्शन घेणाऱ्यांच्या हातात तर आहारपत्रकही अनेकदा नसतं.

रुग्णालयातून सोडण्याच्या दिवशी आहारतज्ज्ञ दहा-पंधरा मिनिटं बोलतात. ऐकणारा रुग्ण अजून गुंगीत असतो, नाहीतर बिलाच्या काळजीत. माझं मागणं छोटं आहे. पत्रक मराठीत असावं, माप वाटी-चमच्यात असावं, आणि त्यावर कढण, चक्का, कुळीथ, वाफवलेला रावस ही नावं असावीत. आणि त्या दहा मिनिटांसाठी घरी जे कुणी स्वयंपाक करतं, आई, बायको, नवरा, सासूबाई, डब्याच्या ताई, त्यांना आत बोलवावं. येणं जमत नसेल तर फोन लावून स्पीकरवर ठेवावा.